छोट्या उद्योगांना मदत करणारी कार्यालये: माणसे कोण, पैसा कुणाचा? बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), लहान कर्जांची मुद्रा, कारागिरांची विश्वकर्मा, महिलांची उद्योगिनी ही नावे आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. पण या योजनांची फाईल ज्या टेबलावरून पुढे सरकते तिथे कोण बसते, त्याचा पगार कोण देतो आणि सबसिडीचे पैसे कुठून कुठे जातात, हे विचारणारे थोडेच. ते ठाऊक नसल्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हल्याळ भागातल्या माणसाचे निम्मे हेलपाटे भलत्याच दाराशी होतात. म्हणून इथे योजनांपेक्षा कार्यालयांविषयी जास्त लिहिले आहे.

जिल्हा उद्योग केंद्र (डीआयसी) नेमके कुणाचे? दिल्लीचे की बेंगळुरूचे?

आज बेंगळुरूचे. १ मे १९७८ ला ही योजना देशभर सुरू झाली. लहान उद्योगाला लागणारे सगळे साहाय्य जिल्ह्यातच, एका छपराखाली मिळावे, असे त्याआधीच्या डिसेंबरातल्या औद्योगिक धोरणाने ठरवले होते. मूळ आराखड्यात एक महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली सात व्यवस्थापक होते. कर्ज, कच्चा माल, यंत्रसामग्री, विक्री, प्रशिक्षण, आर्थिक पाहणी आणि कुटीरोद्योग अशा एकेका कामाला एकेक माणूस. खर्चात केंद्राचाही वाटा असे. १९९० च्या दशकात केंद्राने हात आखडता घेतला आणि ही कार्यालये राज्यांच्या अंदाजपत्रकावर आली.

कर्नाटकात ती उद्योग व वाणिज्य संचालनालयाखाली चालतात आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला सहसंचालक म्हणतात. बेळगावचे केंद्र उद्यमबागेत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याचे कारवारला. म्हणजे जोयड्याच्या माणसाला एका सहीसाठी घाट उतरून जावे लागते.

सबसिडी डीआयसीच देते ना? मग ‘पैसे आले नाहीत’ असे तिथले साहेब का सांगतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहे. पीएमईजीपीची सबसिडी डीआयसीच्या तिजोरीतून येत नाही, त्या कार्यालयाच्या खात्याला ती शिवतसुद्धा नाही. पैसा केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाकडून खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे येतो आणि आयोगाकडून थेट तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो. डीआयसीचे काम अर्ज तपासणे, त्रुटी असेल तर परत करणे आणि योग्य वाटला तर बँकेकडे पाठवणे. हेच काम खादी आयोग आणि राज्याचे खादी मंडळही करते, त्यामुळे अर्ज भरताना एक एजन्सी निवडावी लागते.

आकड्यात पाहू. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातल्या बाईने १० लाखांचे युनिट घालायचे ठरवले. महिला असल्यामुळे ती विशेष प्रवर्गात येते आणि गाव ग्रामीण, म्हणून सबसिडी ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. स्वतःचे घालायचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार. बँक साडेनऊ लाख मंजूर करते. कर्जाचा पहिला हप्ता सुटला की बँक आयोगाकडे सबसिडी मागते. ती आली की तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत अडकवून ठेवली जाते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी कुणीतरी जागेवर येऊन युनिट चालू आहे का ते पाहतो आणि मगच रक्कम कर्जात वळती होते. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला ग्रामीण भागात २५ टक्के, शहरात १५ टक्के, आणि स्वतःचे १० टक्के.

म्हणून ‘सबसिडी हातात कधी मिळणार’ हा प्रश्नच चुकतो. ती हातात कधीच मिळत नाही. कमिशन कापून सबसिडी आधी रोख देतो म्हणणारा माणूस खोटे बोलतो आहे, एवढे पक्के धरा.

२०२२ पासून उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. निपाणीकरांसाठी एक सूचना: बिडी आणि तंबाखूचा धंदा या योजनेच्या नकार यादीत आहे. तंबाखूवर उभे राहिलेल्या गावाला हे बोचते, पण फाईल केल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

मग डीआयसीचा स्वतःचा खर्च कशातून भागतो?

पगार, भाडे, गाडी, वीज हे सगळे राज्याच्या अंदाजपत्रकातून. कार्यालयाला दोन अंगे असतात. एक राज्य क्षेत्राचे, दुसरे जिल्हा पंचायतीचे. कारागिरांना शिलाई यंत्र किंवा सुधारित अवजारांचा संच देणे अशी कामे जिल्हा पंचायतीच्या निधीतून होतात आणि तो निधी लहान असतो. गावात एका सुताराला संच मिळाला आणि शेजारच्याला नाही, की गैरव्यवहाराची शंका येते. कधी ती खरीही असेल. पण बहुतेक वेळा तालुक्याच्या वाट्याला आलेले संचच मोजके असतात.

माझे म्हणणे असे आहे की खरा खोळंबा इथे आहे. योजनेच्या पैशाची घोषणा हजारो कोटींत होते. पीएमईजीपीला २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी १३,५५४ कोटी, विश्वकर्माला १३,००० कोटी. पण तो पैसा मागायला आलेल्या माणसाला समोर बसवून कोटेशन कसे घ्यायचे, प्रकल्प अहवाल कसा वाचायचा हे सांगणाऱ्या माणसासाठी वेगळी तरतूद जवळजवळ नसते. योजना वाढतात, टेबले तेवढीच राहतात. एकाच कारकुनाकडे तीन पोर्टलचे पासवर्ड असतात.

तालुक्याच्या ठिकाणी आपला माणूस कोण?

औद्योगिक विस्तार अधिकारी. तालुका पंचायतीच्या कार्यालयात त्याची जागा असते. अर्जदाराच्या दृष्टीने पूर्ण साखळीत हा सर्वांत महत्त्वाचा माणूस. कारण जागा पाहणे, कारागीर खरा आहे की नाही याची खातरजमा करणे, शिबिराला लोक गोळा करणे हे त्याच्याकडे येते.

अडचण अशी की बेळगाव जिल्ह्यात आता पंधरा तालुके आहेत. निपाणी, कागवाड, कित्तूर, मुडलगी, यरगट्टी हे नंतर झालेले. तालुका जाहीर होतो तेव्हा तहसीलदार येतो, फलक लागतो. प्रत्येक खात्याचे पद मात्र लगेच निर्माण होत नाही, झाले तरी भरले जाईलच असे नाही. मग एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन तालुक्यांचा चार्ज येतो. सोमवारी इकडे, गुरुवारी तिकडे. तुम्ही मंगळवारी गेलात तर कुलूप दिसते आणि तुम्हाला वाटते, हा कधी कामावरच नसतो. जाण्याआधी चार्ज कुणाकडे आहे आणि त्याचा तुमच्या तालुक्याचा वार कोणता, हे तालुका पंचायतीत फोन करून विचारा. अथणीहून बेळगाव शंभर किलोमीटरहून लांब आहे. एक फोन एक दिवसाची मजुरी वाचवतो.

पदे रिकामी का राहतात? लोक तर नोकऱ्यांसाठी रांगा लावून बसले आहेत.

हे दुखणे एका खात्याचे नाही. कर्नाटक सरकारच्या सगळ्या खात्यांत मिळून अडीच लाखांहून जास्त मंजूर पदे रिकामी असल्याचे सरकारनेच सांगितले आहे. भरतीला अर्थखात्याची परवानगी लागते, परीक्षा लांबतात, आरक्षणाचे आणि निकालाचे वाद कोर्टात जातात. अशा वेळी पोलीस, शाळा, आरोग्य यांना आधी माणसे मिळतात. उद्योग खात्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. लहान उद्योजक एकटा असतो, तो आपल्या गिरणीत किंवा भट्टीवर असतो, आणि त्याची फाईल सहा महिने पडून राहिल्याची बातमी होत नाही.

मधली जागा कंत्राटी आणि आउटसोर्स माणसांनी भरून काढली जाते. डेटा भरणारी मुलगी, सल्लागार, रिसोर्स पर्सन. त्यांच्यातले अनेक जण मनापासून राबतात. मात्र करार संपला की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर तुमच्या फाईलची आठवणही जाते. म्हणून दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘मॅडमना दिला होता’ हे पुरावा ठरत नाही.

रिसोर्स पर्सनने २० हजार रुपये मागितले. द्यायचे का?

नाही. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत जिल्हा रिसोर्स पर्सनचा, म्हणजे अर्जदाराला कागदपत्रांत आणि कर्जात मदत करणाऱ्याचा, मोबदला योजनाच देते. मंजूर होणाऱ्या प्रत्येक कर्जामागे २० हजार रुपये: निम्मे बँकेने कर्ज मंजूर केल्यावर, उरलेले तुमची नोंदणी, अन्नसुरक्षेचा परवाना आणि प्रशिक्षण पूर्ण होऊन युनिट उभे राहिल्यावर. अर्जदाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

मोबदला केसवर अवलंबून असल्याचा दुसरा परिणामही ध्यानात घ्या. ज्याचे सिबिल (आधीच्या कर्जफेडीचा गुणांक) चांगले, ज्याची जागा नावावर, ज्याला बँक ओळखते, त्याची केस पटकन होते. त्याच्यामागे धावणे रिसोर्स पर्सनला परवडते. डोंगरातल्या गावात काजू फोडणाऱ्या बचत गटाची केस वर्षभर चालते आणि तोवर त्याच्या हाती काही पडत नाही. दोष त्या माणसाचा नाही, पैसे देण्याच्या पद्धतीचा आहे. माझ्या मते अशा पट्ट्यात काम करणाऱ्यांना ठरावीक मासिक मानधन असायलाच हवे.

गुळाचे युनिट टाकायचे आहे. डीआयसीत गेलो तर कृषी खात्यात पाठवले. टोलवाटोलवी करतात का?

या वेळी नाही. बेळगाव जिल्ह्याचे ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ गूळ आहे आणि पीएमएफएमई कर्नाटकात कृषी खात्यामार्फत चालते, राज्यपातळीवर केपेक हे निगम ते पाहते. केंद्राची सबसिडी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. कर्नाटक त्यात स्वतःचे १५ टक्के घालते, म्हणजे एकूण ५० टक्के, मर्यादा १५ लाख. मूळ योजनेत केंद्र आणि राज्याचा खर्चाचा वाटा ६० आणि ४० असा आहे.

दाराची ही चूक इतर धंद्यांतही होते. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांचे खाते हातमाग व वस्त्रोद्योगाचे, उद्योग केंद्राचे नव्हे. अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांसाठी लिडकर हे चर्मोद्योग महामंडळ आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन लिडकर आणि महाराष्ट्राचे लिडकॉम या दोघांच्या नावावर आहे आणि त्यात आपल्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे आहेत. अथणीचा कारागीर ‘कोल्हापुरी’ म्हणून चप्पल विकतो तो हक्काने. खानापूरला तर मातीकामासाठी खादी आयोगाची खास संस्था आहे, आणि आपल्याच तालुक्यातल्या पुष्कळांना ती माहीत नसते.

उद्योगिनी योजना महिला विकास महामंडळाची, अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात. ३ लाखांपर्यंत कर्ज, सर्वसाधारण महिलेला ३० टक्के सबसिडी, कमाल ९० हजार.

विश्वकर्मासाठी नोंदणी सेवा केंद्रात, पडताळणी ग्रामपंचायतीकडून. अठरा व्यवसायांत चांभार, कुंभार, सुतार, लोहार, सोनार, शिंपी, गवंडी आहेत. हातमाग विणकर नाहीत, त्यामुळे वडगावच्या मंडळींनी तिथे रांग लावू नये.

आरसेटीत (बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) फुकट शिकवतात म्हणे. फुकट म्हणजे कामचलाऊ असेल का?

उलट, सगळ्या यंत्रणेत माणसांच्या बाबतीत सर्वांत नीट आखलेली संस्था मला हीच वाटते. तिचे मूळ कर्नाटकातच आहे. १९८२ मध्ये उजिरे इथे धर्मस्थळाचे ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून रुडसेटी सुरू केली. ती इतकी चालली की २००९ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था काढायचे ठरवले. हल्याळची कॅनरा बँक देशपांडे आरसेटी आपल्या पट्ट्यातल्या पुष्कळांना माहीत आहे.

पैशाची रचना अशी: जागा राज्य सरकार देते, इमारतीला मंत्रालयाचे अनुदान, प्रशिक्षणाचा खर्च मंत्रालय बँकेला भरून देते, रोजचा कारभार बँकेचा. संचालक हा बँकेचाच अधिकारी असतो. याचा मोठा फायदा आहे. कर्ज नाकारणाऱ्या शाखेची भाषा तो ओळखतो. राहणे-जेवण मोफत, आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करायचा असा नियम आहे. पाठपुराव्याचा तो फोन आला तर उचला, आणि नाही आला तर तुम्ही करा. उणीव एकच: संचालकाची तीन वर्षांत बदली होते आणि शिकवणारे बहुधा कंत्राटी असतात. चांगला शिकवणारा टिकवायचा तर त्याला बरे मानधन हवे.

डीआयसीने फाईल पाठवली, बँक मॅनेजर म्हणतात तारण आणा. काय करायचे?

१० लाखांपर्यंतच्या, आणि एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या २० लाखांपर्यंतच्या, सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. त्याच्या वरच्या कर्जासाठी २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने उभारलेला सीजीटीएमएसई हा हमी ट्रस्ट आहे. कर्ज बुडाले तर बँकेला ठरलेला हिस्सा तो भरून देतो. हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली आहे. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर बँकेने कामकाजाच्या १४ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

हे मॅनेजरसमोर भांडणाच्या सुरात सांगू नका. शाखेतही माणसे कमीच असतात. बदलून आलेला अधिकारी आंध्रचा किंवा बिहारचा, त्याला ना कन्नड ना मराठी, आणि आधीची चार कर्जे थकल्यामुळे तो घाबरलेला. पण नकार दिला तर कारणासह लेखी द्या, एवढे मात्र ठामपणे मागा. लेखी कारण हातात आले की जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथेही नाही जमले आणि बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

मुद्राबद्दल एक ओळ: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. आधीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. यात सबसिडी नाही. ‘मुद्राची माफी’ असे काही नसते.

मराठीत अर्ज केला तर चालतो का? आतले साहेब मराठी बोलतात, पण कागद कन्नडमध्येच मागतात.

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्या, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती पसरते.

संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कुणीही आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला, त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देऊ शकतो. म्हणजे ‘माझी फाईल अडली आहे’ हे गाऱ्हाणे मराठीत देण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि ते घ्यायला नकार देता येत नाही. शिवाय ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे राज्यांनी आणि केंद्राने फार पूर्वीच मान्य केले आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर होते. तालुकानिहाय पाहिले तर खानापुरात कितीतरी जास्त.

मात्र योजनेचा अर्ज म्हणजे गाऱ्हाणे नव्हे. राज्याचे नमुने कन्नडमध्ये असतात, केंद्राची पोर्टले इंग्रजी-हिंदीत. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथे कन्नडमध्ये. तेव्हा अर्ज ज्या भाषेत चालतो त्या भाषेत भरा आणि गाऱ्हाणे मराठीत द्या. मराठी निवेदनासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडले तर काम लवकर होते. हक्क सोडायचा नाही आणि फाईलही अडवायची नाही.

पण मला यातला खरा तुटवडा भाषेचा वाटत नाही, माणसाचाच वाटतो. मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या कुंभाराला कन्नड फॉर्म भरून देणारा, दोन्ही भाषा येणारा एक मदतनीस खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण इथल्या कार्यालयांत असला तर निम्मी कटुता उरणार नाही. दोन्ही भाषा सहज बोलणारी पदवीधर मुले-मुली या भागात गावोगाव आहेत. वर्षाला एका मदतनिसाचे मानधन हा जिल्ह्याच्या खर्चात फार मोठा आकडा नव्हे. आज ही पोकळी एजंट भरून काढतो आणि त्याचे पैसे गरीब माणूस देतो.

एजंट किती घेतात ते सोडा, पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, तरी पैसे न देता होते का?

पूर्ण मोफत. १ जुलै २०२० पासून ती आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पाने पैसे घेतात, त्यांना टाळा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल अशी झाली आहे. म्हणजे आपल्या भागातले बहुतेक सगळे त्यातच येतात.

युनिट शिनोळीला, घर बेळगावात. कुठल्या जिल्ह्यात अर्ज करायचा? आणि महाराष्ट्राच्या योजना आम्हाला मिळतात का?

युनिट जिथे, तिथले जिल्हा उद्योग केंद्र. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. तिथे युनिट असेल तर वीज, जागा, परवाने सगळे महाराष्ट्राचे. पीएमईजीपी केंद्राची योजना असल्यामुळे राज्याची सीमा आड येत नाही, पण अर्ज युनिटच्या जिल्ह्यातच होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना आवडणार नाही. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजनेसारख्या काही सवलती जाहीर केल्या आहेत. उद्योगाच्या सबसिडीचे तसे नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाला त्या राज्याचा अधिवास लागतो. कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर कागद करून देतो म्हणणारे लोक आहेत. त्या नादी लागू नका. खोट्या पत्त्यावर घेतलेली सबसिडी व्याजासह परत करावी लागेल, आणि गुन्हा दाखल झाला तर पुढे कुठलीच बँक दारात उभी करणार नाही.

मराठा समाजाच्या महामंडळाचे काय?

कर्नाटकात मराठा समुदायासाठी वेगळे विकास महामंडळ नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा ५० कोटींची घोषणा होती. ते समाजासाठी आहे, मराठी भाषकांसाठी नव्हे, त्यामुळे इतर मराठी भाषक समाजांनी देवराज अरस महामंडळ (मागासवर्गीयांसाठी), आंबेडकर महामंडळ (अनुसूचित जातींसाठी) अशी आपापली दारे पाहावीत. या सगळ्या महामंडळांची एक गोष्ट सारखी: पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातून वर्षावर्षाला येतो, घोषणा आणि प्रत्यक्ष सुटलेली रक्कम यांत फरक असू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी लाभार्थी निवड आमदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीतून होते. म्हणून अर्जाची तारीख चुकवू नका.

चेंबर (उद्योजकांची संघटना), फौंड्री क्लस्टर (ओतकामवाल्यांची सामायिक सोय) यांचा लहान माणसाला उपयोग होतो का?

होतो, उद्यमबाग-मच्छे-होनगा पट्ट्यातल्या ओतकाम आणि मशीन शॉपवाल्यांना तर नक्कीच. चेंबर सभासदांच्या वर्गणीवर चालते, म्हणून तिथे प्रश्न मांडला जातो तो सभासदांचाच. फौंड्री क्लस्टर केंद्राच्या अनुदानावर आणि उद्योजकांच्या वाट्यावर उभा राहिलेला, त्यामुळे मोठ्या कारखान्याला परवडणारी चाचणीची सोय लहान भट्टीवाल्याच्या आवाक्यात येते. अशा सामायिक सोयींचे दुखणे एकच: यंत्राला अनुदान मिळते, ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराला मिळत नाही. तो चाचणीच्या शुल्कातून काढावा लागतो.

माल दिला, मोठी कंपनी पैसे देत नाही. हे कुणाकडे?

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाईन पोर्टलवर, त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती माल देण्याआधीची असावी.

कार्यालयात किती पदे मंजूर, किती भरलेली, निधी किती आला, हे आपल्याला कळू शकते का?

कळायलाच हवे. माहिती अधिकार कायद्याच्या ४(१)(ब) कलमाने प्रत्येक कार्यालयाने आपले अधिकारी-कर्मचारी, त्यांचे वेतन आणि मिळालेले अंदाजपत्रक स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. आधी ते पाहायला मागा. नसेल तर १० रुपये भरून अर्ज करा, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे पदांचा एक अर्ज आणि निधीचा दुसरा असे वेगळे करा. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्याने लिहून द्यायला मदत करायची असते.

सकाल हा सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा कर्नाटकचा कायदा. त्याखाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज दिला की क्रमांक मिळतो. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई आहे. रक्कम किरकोळ असली तरी उशिराची नोंद होते. तुमची सेवा त्या यादीत आहे का, ते टेबलावरच विचारा.

कार्यालयात जायला वर्षातला कोणता काळ बरा?

एप्रिल ते जुलै. आर्थिक वर्षाचे लक्ष्यांक नवे असतात आणि अधिकाऱ्याकडे बोलायला वेळ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या केसेस संपवण्याची घाई, नवा अर्ज तळाला जातो.

पदे भरा, ही मागणी करायची कुणाकडे?

सहसंचालकाकडे नाही, त्याच्या हातात भरती नाही. ती बेंगळुरूला संचालनालय आणि अर्थखात्यात ठरते. पण आपल्या भागाला एक सोय आहे: विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरते. आमदाराला ‘उद्योगासाठी काहीतरी करा’ असे सांगू नका. अधिवेशनाच्या महिनाभर आधी लेखी प्रश्न तयार करून द्या, पक्ष कुठलाही असो. औद्योगिक विस्तार अधिकाऱ्यांची तालुकानिहाय मंजूर पदे किती, भरलेली किती, किती जणांकडे दुसऱ्या तालुक्याचा चार्ज, कंत्राटी किती आणि त्यांचे मानधन कुठल्या शीर्षाखाली, बँकांकडे पाठवलेल्या आणि मंजूर झालेल्या केसेस किती. प्रश्न नेमका असला की खात्याला आकडे जमवून लेखी उत्तर द्यावे लागते. त्याची प्रत आमदाराच्या कार्यालयातून घ्या आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा टाकायला सांगा.